बदलीचा हक्क आणि माणसाचा मान

ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय क्रिकेट संघाचे एकदिवसीय सामन्यांचे कर्णधारपद रोहित शर्मा यांच्याकडून काढून शुभमन गिल यांच्याकडे सोपविण्यात आले, तेव्हा मालवणच्या बाजारपेठेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये याच कर्णधाराने चॅम्पियन्स करंडक जिंकून आणला होता. एका बाजूचे म्हणणे, पुढच्या विश्वचषकाची तयारी आजच करावी लागते. दुसऱ्या बाजूचे, जिंकून आलेल्या माणसाला असे दूर करणे हा कृतघ्नपणा आहे. मला दोन्ही म्हणणी पटली, आणि म्हणूनच वाद भलत्याच जागी चालला आहे असे वाटले. खेळाडू बदलण्याचा संघाचा हक्क कोणी शहाणा माणूस नाकारणार नाही. प्रश्न आहे तो हा हक्क बजावताना, ज्याला बदलायचे त्याचे संघ काही देणे लागतो की नाही, हा.

महाराष्ट्राला या बाबतीत लांब जाण्याचे कारण नाही. अजित वाडेकरांची कहाणी आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. 1971 च्या आरंभी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. (त्याच वर्षी घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व पदव्याही गेल्या, नबाबांना ते वर्ष जडच गेले म्हणायचे.) पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरविले, 1972-73 मध्ये मायदेशी पुन्हा इंग्लंडवर मात केली. लागोपाठ तीन मालिका! आणि मग 1974 चा इंग्लंड दौरा आला. तिन्ही कसोटी सामने हरलो, लॉर्ड्सवर सारा संघ 42 धावांत गारद झाला.

इंदूरला 1971 च्या विजयाचे स्मारक म्हणून सिमेंटची प्रचंड बॅट उभारली होती, तिची लोकांनी विटंबना केली. जनक्षोभ हा वळिवाच्या पावसासारखा असतो, त्याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. परंतु निवड समित्या म्हणजे जमाव नव्हे. तीन पराभवांनंतर कर्णधार बदलला असता तर कोणी बोट दाखविले नसते. प्रत्यक्षात वाडेकरांना दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातही घेतले गेले नाही. वय अवघे 33, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये 15 हजारांवर धावा, आणि विभागीय संघात साधा फलंदाज म्हणून जागा नाही! हा क्रीडाविषयक निर्णय होता असे मला आजही मानवत नाही. ती शिक्षा होती, आणि ती आरोप न सांगता दिली गेली. वाडेकर निवृत्त झाले. त्यानंतर वेस्ट इंडीजविरुद्ध कर्णधार म्हणून आले ते पुन्हा पतौडीच. ज्या पतौडींना दूर करून वाडेकर आले होते, तेच पतौडी मधल्या काळात वाडेकरांच्या हाताखाली इंग्लंडविरुद्ध खेळले होते, हेही नमूद केले पाहिजे. ज्याला बदलले त्याच्यासाठी संघाचे दार उघडे ठेवता येते, हे त्यावरून दिसते. 1974 मध्ये ते दार लावून घेतले गेले.

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे मला येथे घसाऱ्याची आठवण होते. गिरणीमालक यंत्राची झीज दरवर्षी हिशेबात धरतो आणि नव्या यंत्रासाठी तरतूद करतो. खेळाडूचा गुडघा, खांदा, दृष्टी यांची झीजही तितकीच निश्चित; पण तिची तरतूद संघाच्या वहीत नसते, ती त्याच्या घरच्यांच्या माथी पडते. वाडेकरांच्या पिढीला आधार होता तो क्रिकेट मंडळाचा नव्हे, नोकरीचा. ते स्टेट बँकेत होते. संघातून नाव गेले तरी हजेरीपटावरचे नाव जात नव्हते. गिरण्या, रेल्वे, बँका यांच्या संघांतून खेळलेल्या शेकडो कबड्डीपटूंचीही हीच स्थिती होती. आता लिलाव असतो. पैसा अमाप झाला हे खरे, पण तो मूठभरांना, आणि ज्याच्यावर बोली लागत नाही त्याला टेबलापाशी परत जाता येत नाही, कारण ते टेबलच राहिलेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड आहे. मानाच्या नावाखाली थकलेल्या माणसाला जागा अडवून बसू द्यायचे काय? मुळीच नाही. कोकणातल्या घराघरांतून गिरणगावात गेलेल्यांना ‘बदली कामगार’ हा शब्द समजावून सांगायला नको. रोज सकाळी फाटकावर उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये 589 बळी घेतले आणि एकही कसोटी सामना न खेळता 2025 मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या वाटेत बेदींसारखा अव्वल गोलंदाज होता, तेव्हा तेथे अन्याय झाला असे म्हणवत नाही. पण जेथे वाटेत केवळ पूर्वपुण्याई उभी असते, तेथे होतो. म्हणून बदल झालाच पाहिजे. मी मागतो आहे ती मुदतवाढ नव्हे. निर्णय घेणाऱ्याने तो समोर बसून, कारणासह सांगावा, आणि जाणाऱ्याला मागाहून काही काम असावे, एवढीच मागणी आहे. 2012 च्या डिसेंबरमध्ये संदीप पाटील यांच्या समितीने सचिन तेंडुलकर यांना भेटून पुढचा बेत विचारला होता, असे पाटलांनीच नंतर सांगितले. तेंडुलकरांना विचारता येते, तर इतरांना न विचारण्याला सबब कोणती?

शिवाय जाणाऱ्याचा मान राखला नाही तर येणाराही सुखाने नांदत नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये पाच वेळा अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या रोहित शर्मांच्या जागी मुंबई इंडियन्सने हार्दिक पांड्या यांना कर्णधार केले. पुढच्या हंगामात वानखेडेवर हुर्यो झाली ती पांड्यांची. निर्णय घेणारे मालक मात्र सुरक्षित राहिले. दोन मजुरांत भांडण लावून मालकाने नामानिराळे राहावे, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही.

यावर उपाय काय, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच कोकणी मुळाच्या एका कुटुंबाने दाखविले आहे. पालवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार समाजातले, म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. 1920 च्या चौरंगी सामन्यांत कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा धुरा देवधरांकडे गेली आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. त्यांचे वय झाले होते, हे सांगायला सोपे कारण होते. पण विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ, दोघेही संघाचे आधारस्तंभ, त्यांनी खेळायलाच नकार दिला आणि कारण जाहीरपणे सांगितले. परिणाम असा झाला की पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि पै यांनी काही वेळ मैदान सोडून नेतृत्व त्यांच्या हाती दिले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. मान मिळाला तो समितीला उपरती झाली म्हणून नव्हे, सहकारी खेळाडू बाहेर बसले म्हणून.

आणि आपल्या गावची मंडळे? गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका कबड्डी संघातून डावा कोपरा सांभाळणारा गडी वगळला गेला. रापणीवर जाणारा माणूस, बारा वर्षे त्या जागी खेळला. वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, “माका कोणी सांगूक नाय, सर. फळ्यार नाव दिसूक नाय, तेवा समाजला.” मंडळाच्या कार्यकारिणीत त्या वेळी आपल्याच विचाराचे तिघे होते. त्यांच्यापैकी एकाला मी विचारले. तो म्हणाला, सांगायला संकोच वाटला. नव्या मुलांना पकड शिकवायला आता त्यांना माणूस हवा आहे, आणि त्याच्या घरी जायचे कोणी, यावर अजून बैठका चालू आहेत.