स्टेक, नातू आणि म्हातारा बैल

मंडळी, गेल्या रविवारी नातवाने मला कर्जतजवळच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला येतात, तसलं हॉटेल. नदीकाठ, हिरवळ वगैरे. नातवाने स्टेक मागवलं, नऊशे रुपयांचं! मी आपला शाकाहारी. भाज्या आणि पाव खाल्ला.

"अरे, हे चालतं का आता?" मी विचारलं.

"आजोबा, हे रेड्याचं आहे. त्याला बंदी नाही."

बरोबरच होतं त्याचं. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला बंदी होतीच. २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस-रेडे सुटले. पुढे २०१६ साली उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस खाणं गुन्हा नाही असं ठरवलं. थोडक्यात, खाणाऱ्याचं फारसं काही अडलं नाही.

मग अडलं कुणाचं?

परतताना खालापूरच्या बाजूला एका जुन्या विद्यार्थ्याकडे डोकावलो. दोन-अडीच एकर भातशेती. नांगरणी आता पॉवर टिलरने होते. गोठ्यात एक म्हातारा बैल उभा.

"विकत का नाहीस रे?"

"घेणार कोण, सर? टेम्पोत घातला तरी लोक अडवतात. आणि सोडून द्यायला मन होत नाही."

पूर्वी कामातून गेलेला बैल विकला जायचा. त्या पैशात थोडी भर घालून म्हशाच्या जत्रेतून नवा आणायचा, हा शेतकऱ्याचा साधा हिशेब होता. तो २०१५ साली मोडला. कत्तल केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, पण पेंढा मात्र रोज लागतो.

कुणी म्हणेल, सर, तुम्हीच बैल कापा म्हणता? नाही हो. माझ्या वडिलांनी बैल गेल्यावर दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. भावना मलाही कळते. पण भावना साऱ्या राज्याची आणि पेंढ्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याचा, हा कुठला न्याय? २०२४ साली सरकारने गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये जाहीर केले. चांगलं केलं. मग शेतकऱ्याच्या दारातल्या म्हाताऱ्या बैलाने काय घोडं मारलंय? त्यालाही द्या. नाही तर शेतकऱ्याला त्याचा जुना हिशेब परत द्या. पुण्य फुकटात मिळत नसतं.

पन्नास रुपयांच्या हिशेबाने नातवाच्या एका स्टेकमध्ये तो बैल अठरा दिवस जगला असता. गाडीत मी हे बोललो तेव्हा नातू गप्प झाला. चूक त्याची नव्हतीच म्हणा. पण एवढा हिशेब त्याला माहीत असावा, म्हणून बोललो.