गाठीला घाई नसते

तपासणीचे रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी पेशंटच्या मोबाइलवर पोचतात. लॅबची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येऊन पडते, बहुतेकदा दिवेलागणीनंतर, आणि डॉक्टरांची वेळ मिळालेली असते पुढच्या आठवड्यातली. मधल्या दिवसांत सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी काय करणार? ती वाचत बसते. ‘हायपोएकोइक नोड्यूल’, ‘टॉलर दॅन वाइड’, ‘टायरॅड्स ४’, आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत ‘अॅडव्हाइस एफएनएसी’. यातला कुठलाही शब्द गूगलवर टाकला की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कॅन्सर हजर. मग रात्री बाथरूमच्या आरशासमोर मान वर करून, आवंढे गिळून बघणं सुरू होतं.

या सदरात तपासण्यांबद्दल मी अधूनमधून कुरकुर करत असतेच. पण थायरॉइडच्या गाठीबद्दल विचारणाऱ्या बहुतेक मुली तिशीच्या आतल्या असतात आणि त्यांच्या प्रश्नांतली भीती वेगळी असते, म्हणून आज त्यांच्यासाठी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या आजारात गाठीला घाई क्वचितच असते. घाई असते ती भीतीला, घरच्यांना, आणि कधीकधी ऑपरेशनची तारीख देणाऱ्यांना.

मुळात ही गाठ सापडते कशी, ते बघा. पाळी पुढेमागे होते म्हणून मुलगी डॉक्टरकडे जाते, केस गळतात म्हणून जाते, नाहीतर कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये रक्त देते. टीएसएच जरा वाढलेला निघतो. ‘एकदा गळ्याची सोनोग्राफी करून टाका,’ असं कुणीतरी म्हणतं आणि तिथे आठ मिलिमीटरची गाठ दिसते. खरं तर टीएसएच बिघडला आहे, पण गळ्याला हात लावून गाठ लागत नाही, अशा माणसाची सोनोग्राफी सरसकट करू नका, असं अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ सालीच सांगितलं आहे. कारण शोधायला गेलं की गाठ सापडतेच. वेगवेगळ्या अभ्यासांत १९ पासून ६८ टक्के माणसांच्या गळ्यात सोनोग्राफीवर गाठी दिसल्या आहेत, बायकांमध्ये जास्त. त्यांतल्या साधारण ७ ते १५ टक्के कॅन्सरच्या निघतात. म्हणजे शंभर मुलींना गाठ सापडली, तर पंच्याऐंशीहून अधिक जणींची भीती शेवटी फुकट जाते.

इथे घरोघरचा एक गैरसमजही सांगायला हवा. ‘थायरॉइड नॉर्मल आलंय, मग गाठ कसली?’ असं आई विचारते. टीएसएच ग्रंथीचं काम सांगतो, गाठीचा स्वभाव सांगत नाही. कॅन्सर असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो. उलट टीएसएच फार कमी असेल, तर ती गाठ स्वतःच हार्मोन तयार करत असू शकते आणि अशी गाठ कॅन्सरची असणं दुर्मीळ. तिथे एफएनएसीच्या, म्हणजे बारीक सुईच्या तपासणीच्या, आधी न्यूक्लिअर स्कॅन करतात.

आता तो ‘संशयास्पद’ हा शब्द. सोनोग्राफीत संशय असतो तो चित्रावर. गाठ भरीव आहे की पाण्याची, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळी दिसते का, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, याला गुण देऊन बेरीज करतात. २०१७ साली अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजनं आणलेली ही टायरॅड्स पद्धत. पण बेरजेइतकंच महत्त्व आकाराला आहे, आणि रिपोर्ट वाचणारी मुलगी नेमकं तेच बघत नाही. या पद्धतीत तिसऱ्या वर्गातली गाठ अडीच सेंटिमीटरची झाल्यावर, चौथ्यातली दीडची झाल्यावर आणि पाचव्यातलीही एक सेंटिमीटरची झाल्यावर सुईचा सल्ला आहे. आठ मिलिमीटरच्या ‘टायरॅड्स ४’ला एरवी सुई लागतच नाही. ‘खालच्या ओळीत तर एफएनएसी लिहिलंय’ असं कुणी म्हणेल. लिहिलेलं असतं. रेडिओलॉजिस्टनं लिहिलेली ती सूचना असते. पुढचं ठरवायचं ते गळा तपासून, घरातला इतिहास विचारून, तुमच्या डॉक्टरांनी.

सुई टोचायची ठरली, तर आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सुई लावली की पसरतं.’ हे वाक्य आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, आणि शिकलीसवरलेली माणसंही हळू आवाजात म्हणतात. बारीक सुईच्या तपासणीनं थायरॉइडचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणं इतकी तुरळक आहेत, की त्या भीतीपोटी तपासणी टाळणं म्हणजे निव्वळ स्वतःचं नुकसान. ही सुई रक्त काढायच्या सुईहूनही बारीक असते. खांद्याखाली उशी देतात, मान मागे झुकवतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई आत घालतात. त्या क्षणी बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. आणि नेमका तेव्हाच गिळावासा वाटतो, हे जिनं करून घेतलंय तिला माहीत. दोन-तीनदा टोचतात, निघालेला द्रव काचेच्या पट्टीवर पसरतात, गळ्यावर कापूस दाबून धरायला सांगतात. थोडं निळं पडतं. बाई उठून रिक्षानं घरी जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मात्र आधी सांगायची.

खरी परीक्षा सुईची नसतेच, रिपोर्टची असते. २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा गावी तज्ज्ञ जमले आणि थायरॉइडच्या पेशींचा रिपोर्ट सगळीकडे एकाच भाषेत लिहिला जावा म्हणून त्यांनी सहा गट पाडले. आपल्याकडच्या लॅबही तेच ‘बेथेस्डा’ आकडे लिहितात. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता दुसऱ्या गटात ४ टक्के, तिसऱ्यात २२, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४ आणि सहाव्यात ९७. पहिला गट म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा सुई. त्याला ‘काहीतरी लपवताहेत’ असा अर्थ चिकटवू नका. दुसरा आला तर पेढे वाटा आणि पुढची सोनोग्राफी कधी ते विचारून या. सहावा आला तर निदान चित्र तरी स्पष्ट असतं.

तरुण मुलींना सगळ्यांत जास्त छळतात ते तिसरा आणि चौथा. दोन आठवडे जीव मुठीत धरून थांबलेल्या मुलीला कागद सांगतो, की नक्की सांगता येत नाही. ‘एवढं करूनही कसं कळत नाही?’ हा तिचा राग मला रास्त वाटतो, पण त्यात पॅथॉलॉजिस्टची हयगय नसते. फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत साध्या आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. फरक एवढाच, की कॅन्सरच्या पेशींनी गाठीभोवतीचं आवरण फोडून बाहेर पाऊल टाकलेलं असतं. कुंपणाच्या आतलं पान तोडून बघितलं म्हणून कुंपण मोडलंय का ते कळत नाही, तसंच हे. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. ते बघायचं तर गाठ अख्खी काढावी लागते. म्हणून अशा वेळी कधी सुई पुन्हा करतात, कधी काही महिने थांबून सोनोग्राफी करतात, कधी अर्धी ग्रंथी काढतात. पेशींची जनुकीय तपासणीही असते, पण ती आपल्याकडे अजून महाग आहे. या टप्प्यावर दुसरं मत घ्यायला लाजू नका. त्यासाठी नुसता कागद पुरत नाही, काचेच्या पट्ट्या म्हणजे स्लाइड्स लॅबकडून मागून घ्यायच्या. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत त्या मागतातच. मागायला संकोच वाटतो, म्हणून सोबत जरा ठणकावून बोलणारी मावशी न्यावी.

आणि कॅन्सर निघालाच तर? इथे मला दक्षिण कोरियाची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण घाईनं काय होतं ते एका अख्ख्या देशानं करून दाखवलं आहे. तिथे १९९९ नंतर सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण हॉस्पिटलं थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही उरकून देऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं, एका वर्षात ४० हजारांहून जास्त रुग्ण. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच. एवढे कॅन्सर शोधून काढले, कापून काढले, आणि वाचलेल्या जिवांची संख्या वाढलीच नाही. वाट्याला काय आलं? थायरॉइडची जन्मभराची गोळी, काहींना कॅल्शियमचा कायमचा त्रास, काहींचा आवाज बसलेला. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे थांबवा म्हणून सांगितलं आणि वर्षभरात ऑपरेशनं साधारण एक तृतीयांशानं घटली. फिनलंडमध्ये १९८५ साली छापलेल्या एका अभ्यासात, इतर कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या ग्रंथी बारकाईनं तपासल्या तेव्हा तिघांत एकापेक्षा जास्त जणांत असा बारका कॅन्सर सापडला होता. त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता.

जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं १९९३ पासून उलटी वाट धरली. एक सेंटिमीटरच्या आतला, धोक्याच्या खुणा नसलेला, पॅपिलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर लगेच न कापता त्यावर लक्ष ठेवायचं. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के गाठी वाढल्या, ४ टक्क्यांच्या आसपास मानेतल्या लसिका ग्रंथींत गेल्या. त्या रुग्णांचं ऑपरेशन नंतर केलं आणि तेही नीट राहिले. यात तरुणींसाठी एक गोम आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. चाळिशीच्या आतल्यांत गाठ वाढण्याचं प्रमाण वयस्कांपेक्षा जास्त दिसलं. शिवाय साठीच्या बाईनं दहा वर्षं लक्ष ठेवणं वेगळं आणि सत्तावीसच्या मुलीनं पन्नास वर्षं दर तपासणीच्या आधी झोप उडवून घेणं वेगळं. एखादी म्हणाली, ‘मला नकोच हे, काढून टाका,’ तर तिला भित्री म्हणायचा हक्क कुणाला नाही. फक्त तो निर्णय तिनं पुरेशी माहिती घेऊन, पुरेशी झोप झाल्यावर घ्यावा. तेवढा वेळ जवळजवळ नेहमीच हातात असतो.

जवळजवळ म्हणाले, कारण अपवाद आहेत. गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, आवाज घोगरा होऊन सुधरेना, गिळायला किंवा श्वासाला अडायला लागलं, मानेत बाजूला टणक गाठी लागल्या, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असलं, घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर असला, तर थांबायचं नाही.

तरुण असण्याचा एक मोठा फायदाही या आजारात आहे. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांत, २०१८ पासून लागू असलेल्या पद्धतीप्रमाणे, ५५ वर्षांच्या आतल्या रुग्णाला तिसरी-चौथी स्टेज दिलीच जात नाही. आजार लांब पसरलेला असला तरी दुसरीच. इतकं वय इथे बाजूनं बोलतं. यावरूनच डॉक्टर ‘अगं, हा तर चांगला कॅन्सर’ म्हणतात. त्यांचा हेतू धीर द्यायचा असतो, कबूल. पण खुर्चीत बसलेल्या मुलीला ते ऐकून आपण उगाच रडतोय असं वाटतं, आणि घरच्यांना तिचं रडणं थांबवायचं हत्यार मिळतं. चांगल्या कॅन्सरची सुद्धा गळ्यावर खूण राहते, रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेऊन अर्धा तास चहासाठी थांबावं लागतं. आकडे सांगा, विशेषण नको.

आणि मग लग्न. हा मुद्दा डॉक्टरांच्या केबिनमध्ये निघत नाही, बाहेरच्या बाकावर निघतो. ‘कुणाला बोलू नकोस हं, स्थळं बघतोय.’ गाठ साधी निघते, तरी गुपित वर्षभर घरात वावरत राहतं. एकीची आई ऑपरेशनच्या आधीच म्हणाली, की ठुशी घातली की टाके दिसणार नाहीत. आईचं प्रेमच ते, पण मुलीला त्यातून एवढंच ऐकू आलं, की आपल्याला आता काहीतरी लपवायचं आहे. जे खरोखर विचारायचं ते वेगळं आहे: मूल होईल का? होतं. गोळीचा डोस गरोदरपणात वाढवावा लागतो एवढंच. किरणोत्सर्गी आयोडीन घ्यावं लागलं, तर साधारण सहा महिने ते वर्षभर दिवस राहू देऊ नका म्हणतात. परळला टाटा हॉस्पिटलच्या अॅनेक्समध्ये अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथे देशभरातल्या बायका हे आयोडीन घ्यायला येतात, आणि त्यांतल्या कितीतरी पुढे आया होतात. लहान, कमी धोक्याच्या कॅन्सरला तर बहुतेकदा हे आयोडीन लागतही नाही.

लॅबवाल्यांकडे माझं एक मागणं आहे, खर्च शून्य. टायरॅड्सच्या आकड्याखाली मराठीत दोन ओळी छापा: हा आकडा चित्राचा आहे, कॅन्सरचा नाही, सुई लागेल की नाही ते आकारावर आणि तुमच्या डॉक्टरांवर अवलंबून. आणि असा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी पाठवू नका. सोमवारी सकाळी दहाला पाठवा, सोबत फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर द्या.