सत्कार झाला, आता शेअर घ्या

सकाळपासून सोयाबीनात कोळपं चालू होतं, पण डोक्यात विषय दुसराच होता.

आमच्या गावातल्या एका कृषी पदवीधर पोरानं शेतकरी उत्पादक कंपनी काढली. शहरात त्याला प्रशिक्षण मिळालं, मार्गदर्शक मिळाले, शाल-श्रीफळ मिळालं. फोटो आपण सगळ्यांनीच पुढं पाठवला. पण सुगीत माल घ्यायला रोख लागते. बँकेनं तारण मागितलं, तेव्हा त्यानं बापाची जमीन गहाण टाकली.

आणि आपण काय केलं? व्यापारी क्विंटलला ५० रुपये जास्त म्हणाला की माल तिकडं. खोटं कशाला बोलू, माझे १२ क्विंटल पण तिकडंच गेले. कंपनीचा काटा बंद पडला आणि आठ दिवसांत त्याच व्यापाऱ्यानं भाव पाडला.

केंद्राच्या २०२० च्या १० हजार कंपन्यांच्या योजनेत कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. भागभांडवलाला अनुदानही आहे, सभासदामागं २ हजारांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख. पण ते जोडीचं आहे. आपण घालू तेवढंच सरकार घालणार. आपलाच हात खिशात जात नसंल तर जोड कशाला मिळंल?

कृषीवाल्या साहेबांनाही विनंती, पुरस्कार पुरे झाले. सुगीत खेळतं भांडवल मिळवून द्या. नाहीतर हे पोरगं उद्या नोकरी शोधत पुण्याला जाईल.

मी २ हजारांचा शेअर घेतलाय. यंदा निम्मा माल कंपनीच्याच काट्यावर. तुमचं बोला.