धारचा किल्ला आणि दरबारचा हुकूम

देवासहून धारला जाताना दर खेपेस आमच्या मनात एकच प्रश्न येतो: राज्यात शेवटचा शब्द कोणाचा? देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या, दोन दरबार. गाव मात्र एकच. तरीही कोणाचे काय हे ठरलेले असल्याने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत दोन्ही गाद्या शेजारी शेजारी नांदल्या. धारला गादी एकच होती. पण १८५७ साली तिचा हुकूम तिच्याच किल्ल्यात चालेना.

त्या वर्षी मे महिन्यात यशवंतराव पवार वारले. गादीवर आले आनंदराव, वय अवघे तेरा. धामधुमीच्या त्या दिवसांत कारभाऱ्यांनी अरब, मकराणी, अफगाण अशी विलायती शिबंदी चाकरीस ठेवली. तिनेच पुढे किल्ला बळकावला. ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने वेढा घालून तोफा डागल्या. तटाला खिंडार पडले, तेव्हा शिबंदी रात्रीतून निसटली. दंड भरावा लागला तो दरबारला. फितुरीचा ठपका येऊन राज्य जप्त झाले; १८६० साली परत मिळाले, तेही बेरसिया परगणा वगळून.

आपल्या घराण्यांत कोणी लेखणी धरली, कोणी तलवार. म्हणूनच शिबंदीला नुसते शूर किंवा बेइमान म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. शिपाई ठेवणे सोपे; त्याच्यावर हुकूम राखणे हे कारभाऱ्याचे काम. ते सुटले त्याच दिवशी किल्ला गेला; तट नंतर फुटला.