नाशवंत माल, निवांत नाका

लासलगावच्या बाजारात लिलाव झालेला कांदा गोणीत भरून मालमोटारीत चढला की त्याच्या आयुष्याचे दिवस मोजावयास प्रारंभ होतो. बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील पेट्रापोलचा नाका तेथून सुमारे 2,000 किलोमीटर दूर आहे. विदर्भ ओलांडावा, छत्तीसगडचे घाट व ओडिशाचा मुलूख मागे टाकावा, कोलकात्यास वळसा घालून जेसोर रस्त्याने बनगाव गाठावे, आणि तेथे, बांगलादेश हाकेच्या अंतरावर दिसत असता, उभे राहावे. किती वेळ? जागतिक बँकेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्याचा आकडा दिला आहे: पेट्रापोल-बेनापोल ही सीमा ओलांडण्यास 138 तास लागतात. म्हणजे पावणेसहा दिवस! साऱ्या हिंदुस्थानचा पसारा तोडण्यास जेवढा काळ लागत नाही, तेवढा काळ दोन फाटकांमधली चिंचोळी पट्टी ओलांडण्यास लागावा, यास काय म्हणावे? पूर्व आफ्रिकेत एवढ्याच वाहतुकीच्या सीमांवर हेच काम 6 तासांच्या आत उरकते, असेही तोच अहवाल सांगतो. आफ्रिकेचे नाव निघताच नाके मुरडणाऱ्या आमच्या सुशिक्षितांनी हा आकडा जरा सावकाश वाचावा.

पेट्रापोल हे काही आडवळणाचे ठाणे नव्हे. भारत आणि बांगलादेश यांच्यातील जमिनीवरून होणाऱ्या व्यापारापैकी सुमारे 70 टक्के मूल्याचा माल या एका दारातून जातो. जुलै 2016 मध्ये तेथे एकात्मिक तपासणी नाक्याचे थाटात उद्घाटन झाले. इमारती उभ्या राहिल्या, वजनकाटे बसले, गोदामे झाली. पण इमारत बांधली म्हणजे व्यवस्था झाली, हा आमच्या राज्यकर्त्यांचा जुना भ्रम आहे. वरील 138 तासांपैकी 28 तास तर केवळ माल एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरण्यात जातात. कारण आपली गाडी बेनापोलच्या आवारापलीकडे जाऊ शकत नाही. तेथे ती रिकामी करावयाची, गोण्या हमालांच्या पाठीवरून बांगलादेशी गाडीत चढवावयाच्या, आणि रिकाम्या गाडीने पुन्हा उलट्या रांगेत लागावयाचे. प्रत्येक चढउतारात कांदा आपटतो, आपटला की पिचकतो, आणि एक पिचका कांदा गोणीभर शेजाऱ्यांस आपल्या वाटेने नेतो, हे कांद्याच्या चाळीत एक पावसाळा काढलेल्या कोणासही ठाऊक आहे.

यावर उपाय कोणास सुचला नाही असे नाही. 15 जून 2015 रोजी थिंफू येथे बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी मोटारवाहन करारावर सह्या केल्या. एका देशाची गाडी मोहरबंद माल घेऊन थेट दुसऱ्या देशातील मुक्कामापर्यंत जावी, हे त्याचे सार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरतळ्यापर्यंत चाचणीची गाडी धावलीही. पुढे भूतानने माघार घेतली, नियमावल्यांचे मसुदे या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिले, आणि चाचणीची गाडी ही चाचणीचीच राहिली. 2017 मध्ये भारत मोहरबंद मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारातही सामील झाला. कागदावर आपण जगाच्या बरोबरीने चाललो आहोत, यात शंका नाही.

आता जगात हे कसे चालते ते पाहू. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधील डेट्रॉइट-विंडसरचा अ‍ॅम्बॅसडर पूल 1929 पासून वाहतुकीस खुला आहे, आणि त्या दोन देशांच्या व्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा त्यावरून जात आला आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तेथे तपासणी इतकी कडक झाली की मालमोटारींच्या मैलोगणती रांगा लागल्या आणि सुटे भाग न पोचल्याने मोटारीचे कारखाने बंद ठेवण्याची पाळी आली. तेथील सरकारांनी काय केले? त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोघांनी एकत्र बसून जाहीरनामा काढला आणि 2002 मध्ये 'फास्ट' या नावाची योजना अमलात आणली. ज्या चालकाची पार्श्वभूमी दोन्ही देशांनी तपासली आहे त्यास 5 वर्षांचे ओळखपत्र द्यावयाचे, मालाची यादी गाडी येण्यापूर्वीच तारेने, म्हणजे आजच्या भाषेत संगणकावरून, मागवावयाची, आणि अशा गाड्यांस वेगळी मार्गिका द्यावयाची. इतरांनी यादी 1 तास आधी पाठवावी, 'फास्ट'च्या गाडीने अर्धा तास आधी पाठवली तरी चालते. ज्याच्याविषयी खात्री आहे त्याला जाऊ द्या, म्हणजे ज्याच्याविषयी शंका आहे त्यास तपासण्यास तुम्हास वेळ मिळेल, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होय.

तथापि या योजनेची आरती ओवाळण्यास आम्ही बसलो नाही. तिच्यात एक मेख आहे. अमेरिकेत शिरताना ती मार्गिका हवी तर एकट्या चालकाजवळ पत्र असून भागत नाही. वाहतूक कंपनीही मान्यताप्राप्त हवी आणि माल मागविणाराही मान्यताप्राप्त हवा. तिघांपैकी एक जरी बाहेरचा निघाला, तरी निष्कलंक चालक साध्या रांगेत! कित्येक ठिकाणी तर वेगळी मार्गिका फाटकाजवळच सुरू होते, तेव्हा तिच्यापर्यंत पोचण्यासाठी विश्वासू गाडीलाही अविश्वासू गाड्यांच्या मागेच सरपटावे लागते. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये लसीच्या सक्तीविरुद्ध आंदोलकांनी तो पूल जवळजवळ आठवडाभर अडवला, तेव्हा सर्वच पत्रे खिशात राहिली. सांगावयाचे इतकेच की, विश्वासाची यादी करणे सोपे. ती यादी कोणाच्या सोयीची होते, हे पाहणे अवघड.

नेमका हाच प्रश्न आपल्याकडे विचारावयास हवा. आपल्या सीमाशुल्क खात्यानेही 2011 पासून 'अधिकृत आर्थिक प्रचालक' अशा भारदस्त नावाची योजना चालविली असून 2016 मध्ये तिचे तीन दर्जे केले. ज्यास हा दर्जा मिळाला त्याच्या मालाची तपासणी कमी, कागदांचा निकाल लवकर. योजना चांगली आहे. पण प्रवेशाची अट काय? मागील आर्थिक वर्षात आयात-निर्यातीचे किमान 25 दस्तऐवज दाखल केलेले असावेत. पुढे लघुउद्योगांसाठी ही अट 10 वर आणली. मोठ्या निर्यातदारास हे आकडे म्हणजे एका आठवड्याचे काम. परंतु निफाड-येवल्याकडील जे शेतकरी गट करून हंगामात दोन-चार गाड्या थेट पाठवू पाहतात, त्यांनी काय करावे? त्यांनी अडत्याकडे आणि अडत्याने बड्या निर्यातदाराकडे जावे, हाच त्याचा अर्थ. वेग हा ज्याच्याजवळ आधीच आहे त्यासच आणखी मिळतो. पश्चिम बंगाल सरकारने 2022 मध्ये 'सुविधा' या नावाने शुल्क घेऊन वेळ आरक्षित करण्याची पद्धत सुरू केली. बनगावच्या वाहनतळांवर दिवसचे दिवस भाडे भरत कुजण्यापेक्षा ती बरी, हे मान्य. परंतु सरकारी रस्त्यावरून सरकारी फाटकापर्यंत वेळेवर पोचण्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागणे, यास सुविधा म्हणावे की दंड, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि या सर्वांवर कळस चढविला तो दिल्लीने. 14 सप्टेंबर 2020 रोजी कांद्याची निर्यात तत्काळ बंद झाल्याचा हुकूम निघाला. त्या क्षणी पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या नाक्यांवर कांद्याने भरलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. दमट हवा, वर ताडपत्री, आत ज्यूटची गोणी. कांद्यास कोंब फुटले, पाणी सुटले. काही दिवसांनी आधी नोंद झालेला माल सोडण्याची परवानगी आली खरी, पण कांद्याने तोवर वाट पाहिली नव्हती. 2023 मध्ये पुन्हा तेच: ऑगस्टात 40 टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, ती मे 2024 मध्ये उठली, आणि शुल्क शेवटी 1 एप्रिल 2025 पासून गेले. भाव चढले की शहरातील ग्राहकाची सरकारला आठवण होते. ते होऊ द्या. पण जो माल बाजारातून निघून वाटेत आहे त्यास अर्ध्या रात्री अडविण्याने मुंबईच्या किंवा दिल्लीच्या गृहिणीच्या टोपलीत एक कांदा तरी अधिक पडतो काय?

निपाणीच्या ट्रक अड्ड्यावर एका वृद्ध ड्रायव्हरशी आमचे बोलणे झाले. पूर्वेकडच्या सीमेवर त्यांनी आपल्या हयातीत अनेक खेपा केल्या आहेत. "साहेब, माल सडला तर मालकाचं नुकसान, भाडं बुडालं तर गाडीवाल्याचं. आमचं काय, आम्ही नुसते बसलो होतो," असे ते हसत म्हणाले. एका खेपेस ते आणि क्लीनर 9 दिवस गाडीखाली स्टोव्ह पेटवून भात रांधत होते. आंघोळ पेट्रोल पंपावर, शौचास रस्त्याच्या कडेला. त्या 9 दिवसांचा भत्ता त्यांस मिळाला नाही, कारण भत्ता खेपेवर ठरतो, दिवसावर नव्हे. शीघ्रगतीच्या साऱ्या योजनांत गाडीचा क्रमांक असतो, मोहोरेचा क्रमांक असतो, पण माणसाचे हे 9 दिवस कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत साथीमुळे पेट्रापोलची वाहतूक खोळंबली, तेव्हा दिल्ली आणि कोलकाता यांच्यात पत्रांची लढाई झाली. चालकांच्या भत्त्याविषयी त्यात कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, त्या सीमेवर सोन्याची चोरटी आयात होते, तपासणी ढिली कशी करावी? ढिली करू नका. पण 138 तास उभ्या राहिलेल्या गाडीतील किती तास तपासणीचे असतात? बहुतेक काळ ती कोणी तपासतच नाही. ती नुसती उभी असते. दुसरे कोणी म्हणेल, 2025 मध्ये ढाक्याने सुताला आणि दिल्लीने तयार कपड्यांना खुष्कीचे नाके बंद केले; संबंधच आंबले असता या गोष्टींची घाई कशाला? आमचे उत्तर असे की, संबंध सुधारतील तेव्हा रांगही आपोआप आटेल, या आशेवर 2015 पासूनची वर्षे गेली आहेत.

सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांस हा विषय परका वाटत नाही. घटनेच्या 301 व्या कलमाने देशांतर्गत व्यापार मुक्त ठेवला, 2017 मध्ये जकातीचे शेवटचे नाके गेले; तरी डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राचा क्रमांक पाहून गाड्यांवर दगड पडले. काचा फुटल्या त्या ड्रायव्हरांच्या समोरच्या, ज्यांनी कोणतीच सीमा आखली नव्हती.

महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत तीन गोष्टी मागाव्यात. नाशवंत मालास पेट्रापोलवर तासांची मर्यादा बांधून द्यावी आणि ती मोडल्यास वाहनतळाचे भाडे माफ व्हावे. शेतकऱ्यांच्या नोंदणीकृत गटास, दस्तऐवजांची संख्या न पाहता, विश्वासू निर्यातदाराचा दर्जा मिळावा. आणि निर्यातबंदीचा कोणताही हुकूम, ज्या मालाचे ई-वे बिल त्या दिवसापूर्वी निघाले आहे त्यास लागू करू नये. पहिल्या दोहोंस वाटाघाटी लागतील, वेळ लागेल. तिसऱ्यास दिल्लीतील एका कार्यालयात एक ओळ लिहावी लागेल, आणि पुढचा उन्हाळी कांदा चाळीतून बाहेर निघण्यापूर्वी ती लिहिली गेली पाहिजे.