नकाशा कळला का, असं विचारू नका

अकोल्यात दीड गुंठा जागा घेऊन आम्हाला तीन वर्षं झाली. दीड गुंठा म्हणजे 1,633 चौरस फूट. शिक्षकाच्या पगारात एवढं पुष्कळ झालं. यंदा कर्ज मंजूर झालं, इंजिनियरने नकाशा काढून दिला आणि एका जुम्याच्या दुपारी जेवण झाल्यावर आम्ही तो दस्तरखानवरच पसरला. खाली गाडी आणि शिकवणीची खोली, वर हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. अम्मींना विचारलं, "कसा वाटतो?" अम्मींनी चष्मा लावला, निळ्या रेघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला आवडला ना बेटा? मग ठीक आहे."

आम्ही खूश झालो. वीस वर्षं वर्गात उभं राहूनही आम्हाला त्या उत्तराचा अर्थ कळला नाही, याची आता लाज वाटते. वर्गात "समजलं का?" विचारलं की साठ मुलं एका सुरात "हो सर" म्हणतात. समजलंय की नाही, ते फळ्यापाशी बोलावून गणित सोडवायला दिलं की कळतं. नकाशाचंही तसंच आहे. घरातल्या बहुतेकांना तो वाचता येत नाही, आणि येत नाही हे म्हणायचा संकोच वाटतो. मग ते "छान आहे" म्हणतात.

बाहेरच्यांनी मात्र भरपूर मतं दिली. मेहुणे म्हणाले, हॉल मोठा घ्या. शाळेतले एक सहकारी म्हणाले, किचन ओपन ठेवा, आता तसंच चालतं. एका शेजाऱ्यांनी दिशांचा हिशोब मांडला. प्रत्येकाने आम्हाला खरं तर स्वतःचं घर सांगितलं. ज्यांचा उपयोग झाला असे दोघेच. एक आमचे जुने गवंडी चाचा. त्यांनी जिन्यावर बोट ठेवून विचारलं, "पायरी आठ इंचाची का केलीय?" राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच उंच आणि कमीत कमी 250 मिलिमीटर, म्हणजे दहा इंच रुंद धरली आहे. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण दिवसातून दहा वेळा चढणाऱ्या गुडघ्याला विचारा. दुसऱ्या, दोन पावसाळे नव्या घरात काढलेल्या एक खाला. त्यांना आम्ही "आमचा नकाशा कसा आहे" असं विचारलंच नाही. विचारलं, "आता पुन्हा बांधायचं झालं तर काय बदलाल?" खाला अर्धा तास बोलल्या. पश्चिमेच्या दारावर छज्जा दीडच फूट ठेवला, त्यामुळे आषाढात वाऱ्याबरोबर येणारा झोड थेट हॉलमध्ये येतो, हे त्यांच्याकडून कळलं. भंडारदरा-घाटघरइतका पाऊस अकोले गावात नसतो, पण तो येतो त्याच दिशेने. आमचंही दार पश्चिमेलाच होतं.

नकाशा न विचारता झाला की काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे आठ हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. 52 गावं पूर्ण नव्या जागी वसवली. कोणाची जमीन किती, त्यावरून 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं घर मिळालं. घरं भक्कम होती, त्यात वाद नाही. पण अनेक ठिकाणी आखणी शहरी कॉलनीसारखी झाली. सरळ रस्ते, एकसारख्या रांगा. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, वाड्याच्या आतल्या अंगणात बसून बायका जी कामं करायच्या ती आता कुठे करायची, याला त्या रेघांत जागा नव्हती. लोकांनी मग हळूहळू स्वतःच पत्रे ठोकले, आडोसे उभे केले. त्याच कार्यक्रमात, जिथे जुनी घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती त्या गावांत, वेगळा प्रयोग झाला. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं. घरमालक आणि इंजिनियर यांच्यामध्ये त्या बोलत.

बायकांना विचारायचं राहून जातं, ते आपल्याकडेच असं नाही. इजिप्तचे नामवंत वास्तुविशारद हसन फतही यांनी 1945 नंतर लक्झरजवळ नवं गुर्ना हे गाव कच्च्या विटांत बांधायला घेतलं. प्रत्येक कुटुंबाशी बोलून त्याचं घर ठरवावं, अशा मताचा हा माणूस. तरीही गावातल्या स्त्रियांचा सल्ला आपल्याला घेता आला नाही, त्यांना समोर येऊच दिलं जात नव्हतं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. परद्याचा आदर राखूनही हे जमू शकतं. इंजिनियरसमोर बसायचं नसेल तर नकाशा आत न्या, मुलीला वाचून दाखवायला सांगा, उत्तरं लिहून आणा. आमच्या घरी तर परद्याची अडचणही नव्हती. आम्हाला सुचलं नाही, एवढंच.

सुचलं ते शाळेच्या मैदानावर. मुलं कबड्डीसाठी फक्की टाकत होती. आम्ही अर्धी गोणी फक्की आणि सुतळी घेतली (पैसे देऊन घेतली, वाचकांनी शंका घेऊ नये) आणि रविवारी सकाळी प्लॉटवर गेलो. वरचा मजला तसाच्या तसा जमिनीवर आखला. भिंती नऊ इंचाच्या, दारं जिथे तिथे. मग घरच्या सगळ्यांना बोलावलं आणि "कसं वाटतं?" हा प्रश्न बंद केला. विचारलं, "फजरला उठलात. आता काय कराल? चालून दाखवा."

बेगम स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. फ्रिजच्या जागी विटा ठेवल्या होत्या. दार उघडलं की विटांना लागत होतं. दार उलट्या बाजूला फिरवायला खर्च शून्य. मग म्हणाल्या, "ईदला देग कुठे चढवायची? भांडी कुठे घासायची?" मागे परसदारच नव्हतं, सगळी जागा गाडीने खाल्ली होती. मुलीने शौचालयाचा कोपरा पाहिला. भांडं पश्चिमेला तोंड करून होतं. किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ नको, हे इंजिनियरला माहीत असायचं कारण नाही, ते आपणच सांगायला हवं. अकोल्यातून किब्ला बरोबर पश्चिमेला नसून साधारण नऊ अंश उत्तरेकडे आहे. भांडं उत्तर-दक्षिण फिरवलं की काम होतं. पाइप गाडल्यावर हेच करायचं तर फरशी फोडावी लागते.

अम्मी शेवटी आल्या. वुजूची जागा दाखवली, तर म्हणाल्या, बेसिनमध्ये पाय कसा उचलू? मोरीत सोळा इंचाचा कट्टा आणि खाली नळ, असं ठरलं. मग त्या जिन्याच्या रेघांमध्ये शिरल्या. अडीच फूट रुंद, मध्ये काटकोनात वळण. वळणावर त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, गुडघा दुखतोय.

"इथून जनाजा कसा वळेल?" त्यांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. अब्बा गेले तेव्हा आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर राहत होतो. डोला वळेना म्हणून त्यांना चादरीत धरून खाली आणावं लागलं होतं. अम्मी वर गॅलरीत उभ्या होत्या. आम्ही ते विसरलो होतो, किंवा आठवायचं टाळलं होतं. आणि तसाच जिना पुन्हा पैसे मोजून काढून घेतला होता.

इंजिनियरने नवा नकाशा काढला, त्याची वेगळी फी घेतली, आणि ती घेणं रास्तच होतं. शिकवणीची खोली गेली. अम्मींची खोली खाली आली, दार साडेतीन फुटी, समोर सरळ रस्ता. जिना तीन फूट, पायरी सात इंच. गाडी निम्मी बाहेर राहील. मागे सहा फूट परसदार निघालं.

नव्या रेघा परत फक्कीने आखल्या. अम्मींनी खुर्ची मागवली आणि असरपर्यंत आपल्या खोलीत, म्हणजे उघड्या आभाळाखाली, बसून राहिल्या. येणारे-जाणारे सलाम करत होते. घरी येताना म्हणाल्या, "खिडकीतून रस्ता दिसेल ना?"

खिडकी बोळाकडे आहे. मिस्त्री परवा येणार होते, त्यांना चार दिवस थांबायला सांगितलं आहे.