हिमाची रोजकीर्द

पाडव्याच्या दिवशी पेढीवर नवी वही येते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि जुनी वही कपाटात जाते. पण कपाटात गेली म्हणून तिच्यातला हिशेब काही पुसला जात नाही. दहा वर्षांनी एखादा तंटा उभा राहिला, की तीच वही धूळ झटकून बाहेर काढावी लागते. निसर्गाच्या पेढीवरही अशी एक रोजकीर्द आहे. ती ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बर्फात लिहिली जाते. एका फार मोठ्या तंट्यात ती पुराव्याला कशी आली, त्याची हकीकत वाचकांना आज सांगायची आहे.

ध्रुवांजवळच्या या बर्फाळ पठारांवर पडलेले हिम उन्हाळ्यातही सहसा वितळत नाही. गेल्या वर्षीच्या थरावर यंदाचा थर बसतो, त्यावर पुढच्या वर्षीचा, आणि दाबाने खालच्या हिमाचा टणक बर्फ होतो. हिम खाली येताना हवेत जे काही तरंगत असेल ते बरोबर घेऊन येते: समुद्राचे मीठ, वाळवंटातली धूळ, ज्वालामुखीतून निघालेले गंधकाम्ल. आइसलंडमधला १७८३ सालचा लाकी ज्वालामुखी आणि इंडोनेशियातला १८१५ सालचा तांबोरा या दोघांचीही नोंद त्या बर्फात सापडते. १९५० नंतरच्या अणुस्फोटांची राखही तिथे आहे. उन्हाळ्याचा थर आणि हिवाळ्याचा थर यांत फरक असतो, त्यामुळे झाडाच्या खोडावरील वलयांप्रमाणे वर्षे मोजता येतात. पोकळ नळीसारख्या यंत्राने बर्फात भोक पाडून त्याचे लांब दांडे बाहेर काढतात. ग्रीनलंडमध्ये अशी भोके तीन किलोमीटरहूनही खोल गेली आहेत.

आता तंट्याकडे वळू. तंटा होता शिशाचा. शिसे आपल्या चांगल्या ओळखीचे. मारुतीरायाच्या अंगावरचा परंपरागत शेंदूर म्हणजे शिशाचेच एक रूप. पण हा धातू पोटात गेला, की मेंदूला आणि मज्जातंतूंना इजा करतो, आणि त्यातही लहान मुलांना अधिक. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या थॉमस मिजली या संशोधकाला असे आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले, तर मोटारीचे इंजिन ठोके देत नाही. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धी कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. थोडा गवगवा झाला, चौकशी झाली आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

उद्योगाच्या बाजूने रॉबर्ट केहो हे डॉक्टर अनेक वर्षे एकच मुद्दा मांडत राहिले. शिसे जमिनीत आहे, पाण्यात आहे, अन्नात आहे, तेव्हा ते माणसाच्या रक्तात असायचेच. ठरावीक मर्यादेखाली त्याचे भय नाही. हा मुद्दा खोडून काढणे सोपे नव्हते. ज्याच्या त्याच्या रक्तात शिसे सापडत होते. मोटारींच्या आधीची हवा कशी होती, हे तपासायला ती हवा आणायची कोठून?

तो तपास क्लेअर पॅटर्सन या भूरसायनतज्ज्ञाने केला. कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्या संस्थेतला हा गृहस्थ खरे तर निराळ्याच कामात गढलेला होता. अशनीतल्या शिशावरून त्याने १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले, आणि तो आकडा आजही जवळजवळ तसाच टिकून आहे. हे मोजमाप करताना त्याला सारखा एकच उपद्रव होई. शिसे भलतीकडूनच नमुन्यात शिरे. काचेतून येई, नळाच्या पाण्यातून येई, केसांतून आणि कपड्यांवरून येई. त्याने अखेर धूळ आत येणार नाही अशी खास प्रयोगशाळा बांधली, भांडी आम्लाने पुन्हा पुन्हा धुतली. आणि मग त्याच्या मनात प्रश्न आला, की हे इतके शिसे मुळात आले कोठून?

१९६५ साली त्याने लिहिले, की आजच्या माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक नाही, ते आपणच हवेत सोडलेले आहे. उद्योगवाल्यांचा रोष ओढवला आणि तेलधंद्याकडून संशोधनाला मिळणारा पैसा बंद झाला. पुढे १९७१ साली हवेतल्या शिशाचा विचार करायला अमेरिकेत तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिच्यात या विषयातल्या सर्वांत जाणत्या माणसाला जागाच नव्हती.

पण तोवर त्याने बर्फाची वही उघडली होती. वायव्य ग्रीनलंडमध्ये अमेरिकन सैन्याचा कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ बर्फाच्या पोटात खोदलेला होता. त्याच्या उतरत्या बोगद्यात जितके खाली जावे, तितके मागल्या काळात जावे! मुरोझुमी आणि चौ या सहकाऱ्यांबरोबर पॅटर्सनने निरनिराळ्या काळांतला बर्फ मिळवला. हत्यारे आम्लाने धुतलेली, हातमोजे प्लास्टिकचे. उघड्या हाताचा स्पर्श झाला तरी नमुना बाद.

१९६९ साली निकाल प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास पडलेल्या दहा लाख टन हिमात एक ग्रॅमसुद्धा शिसे नव्हते. १९६५ च्या हिमात एवढे शिसे अवघ्या पाच हजार टनांत होते. म्हणजे वाढ दोनशे पटींहून अधिक! ही वाढ चढत आली होती धातूंच्या भट्ट्यांबरोबर, आणि १९४० नंतर ती एकदम उभी चढली होती ती मोटारींच्या धुरामुळे. अंटार्क्टिकाच्या हिमात मात्र शिसे ग्रीनलंडच्या जेमतेम दशांश. तेही बरोबरच, मोटारी उत्तर गोलार्धात जास्त, आणि दोन गोलार्धांतली हवा सहजी मिसळत नाही. ‘शिसे असायचेच’ या मुद्द्याला आता जागा उरली नाही.

१९७५ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना शिसेविरहित पेट्रोल लागू लागले आणि शिशाचा वापर पायरीपायरीने उतरला. १९९१ साली फ्रान्सच्या बुत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या ताज्या थरांची तपासणी केली, तेव्हा शिसे वीस वर्षांत साडेसात पटींनी घटलेले आढळले. तिकडे अमेरिकन लोकांच्या रक्तातले सरासरी शिसेही १९७६-८० आणि १९८८-९१ या दोन पाहण्यांच्या दरम्यान तीन-चतुर्थांशाहून अधिक उतरले. हिमाने वाढ लिहिली तशीच घटही इमानाने लिहिली. पॅटर्सन डिसेंबर १९९५ मध्ये वारला. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, १ जानेवारी १९९६ ला अमेरिकेच्या रस्त्यांवरून शिशाचे पेट्रोल कायद्याने हद्दपार झाले.

या वहीची फार जुनी पानेही मोठी मौजेची आहेत. १९९४ साली पॅटर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ग्रीक-रोमन काळात ग्रीनलंडच्या बर्फातले शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या चौपट झाले होते. रोमनांना नाणी पाडायला चांदी हवी. चांदी शिशाच्या धातुकातून गाळावी लागे, आणि स्पेनमधल्या भट्ट्यांचा धूर वाऱ्यावर हजारो किलोमीटर जाई. २०१८ साली दुसऱ्या एका गटाने याच काळाची वर्षावर्षाची नोंद वाचली. शांततेच्या दिवसांत शिसे चढे, आणि इसवी सन १६५ मध्ये साम्राज्यात महामारी पसरली तेव्हा ते झपाट्याने उतरले. माणसे मेली, खाणी ओस पडल्या आणि दूर उत्तरेचे हिम स्वच्छ झाले!

अशी पाने वाचणारी माणसे आपल्याकडेही आहेत. १९८१ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाकडे निघालेली पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच गेली. आज वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि आतल्या खोलीत उणे वीस अंशांत, जाड कपडे घालून संशोधक अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दांडे कापत असतात.

भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ साली. पेट्रोलचा तंटा मिटला, शिशाचा मात्र नाही. फटाक्यांत शिसे वापरू नये असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला २०१७ साली द्यावा लागला. जुन्या घरांच्या भिंतींवरचा रंग, उघड्यावर फोडून वितळवल्या जाणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्या, ही शिसे घरात येण्याची दारे अजून उघडी आहेत. दिवाळीच्या साफसफाईत जुना रंग कोरडा खरवडायचा असेल, तर पाणी मारून खरवडावा आणि पोराबाळांना तेवढा वेळ दूर ठेवावे. जुनी बॅटरी भंगारात न टाकता दुकानदाराला परत करावी. मुलांच्या रक्तातले शिसे असेच थोडेथोडे करून उतरले आहे, आणि पुढेही तसेच उतरेल.